१२८ कोअर घेऊनही रन रखडतो, वर बोलणीही खावी लागतात

प्रिय ताई,

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते, तिसरं वर्ष. विभागाचा स्वतःचा छोटा क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच) आहे: आठ नोड, म्हणजे आठ संगणक, प्रत्येकी ६४ कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग). जॉब (चालवायची कामं) स्लर्ममधून, म्हणजे रांग लावून कोअर वाटून देणाऱ्या प्रणालीतून, जातात, पाच-सहा ग्रुप मिळून वापरतात. नोड एकमेकांना साध्या गिगाबिट इथरनेटनं जोडलेले आहेत. मी ग्रोमॅक्सवर, म्हणजे अणूंच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, एका प्रथिनाची सिम्युलेशन्स करते, पाण्यासकट साधारण ४५ हजार अणू. मूळ प्रथिन आणि तीन म्युटंट (त्याची बदललेली रूपं), प्रत्येकाचे तीन रन, असे बारा. सर म्हणतात, "नोड रिकामे दिसले की घेऊन टाक." म्हणून मी एका रनला दोन नोड, म्हणजे १२८ कोअर मागते आणि रन एकामागून एक सोडते. मागच्या आठवड्यात दुसऱ्या ग्रुपमधल्या एका सीनियरनं (तो ओपनफोम हा द्रव-वायूंच्या प्रवाहाचा प्रोग्रॅम चालवतो) अख्ख्या विभागाला मेल टाकला: "क्लस्टर काही जणांना वडिलोपार्जित वाटतो." नाव नव्हतं, पण रोख कळला. विश्लेषण मी पायथनमध्ये करते. ते छोटंसंच असतं म्हणून लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून क्लस्टरमध्ये शिरतात त्या संगणकावर, चालवते. एवढे कोअर घेऊनही माझे रन का रखडतात? कमी घेतले तर आणखी रखडतील, मग डिसेंबरच्या परिषदेसाठी पोस्टर कसं होणार? आणि त्या दादाला काय उत्तर देऊ?

— रांगेतली, पाषाण

प्रिय रांगेतली,

दुखण्याचं मूळ तू पत्रात सहज लिहून गेलीस: नोड साध्या गिगाबिट इथरनेटनं जोडलेले आहेत. बाकी सगळं त्याच्या पाठोपाठ येतं, मेलसुद्धा.

४५ हजार अणू १२८ कोअरांत वाटले की एकेका कोअरच्या वाट्याला जेमतेम साडेतीनशे येतात. तेवढ्या अणूंवरची बलं काढायला आजच्या प्रोसेसरला फार वेळ लागत नाही. सिम्युलेशनचं एक पाऊल मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं. पण पाऊल संपलं की प्रत्येकाला शेजाऱ्याला विचारावं लागतं, तुझ्या हद्दीतले अणू कुठे सरकले? त्यात विद्युतभारांच्या दूरच्या बलांसाठी तू पीएमई ही पद्धत वापरत असणार. त्यातल्या फूरिए रूपांतराला शेजाऱ्यापुरतं बोलून भागत नाही, बऱ्याच जणांना बऱ्याच जणांशी डेटाची अदलाबदल करावी लागते. एकाच नोडच्या आत हे बोलणं मेमरीतून होतं, मायक्रोसेकंदाच्या आत-बाहेर. इन्फिनिबँडसारखं जोडणीचं जाळं असतं तर दुसऱ्या नोडपर्यंत एक-दोन मायक्रोसेकंदात निरोप गेला असता. साध्या इथरनेटवर प्रत्येक निरोपाला दहापट-वीसपट, कधी त्याहून जास्त वेळ लागतो, आणि एका पावलात असे कितीतरी निरोप. शिवाय त्याच तारेवरून इतरांच्या फायली सर्व्हरवर जात-येत असतील तर बघायलाच नको. म्हणजे तुझे १२८ कोअर बराच वेळ नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात.

हे तुझ्या लक्षात आलं नाही यात नवल नाही, कारण एच-टॉप (कुठला कोअर किती कामात आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलंस की सगळ्या पट्ट्या शंभर टक्के भरलेल्या दिसतात. एमपीआयमध्ये, म्हणजे हे निरोप पोचवणाऱ्या लायब्ररीत, थांबलेली प्रोसेस सहसा झोपत नाही. निरोप आला का, आला का, म्हणून अखंड विचारत फिरत राहते आणि त्या फिरण्यालाही प्रोसेसर खर्ची पडतो. जॉब संपल्यावर सेफ ही कमांड चालवलीस तर तीही प्रोसेसरचा वापर नव्वदच्या वर होता, शाबास, असंच सांगेल. मेमरी किती मागितली आणि किती लागली हे बघायला सेफ उत्तम आहे, वेगाबाबत तिचं ऐकू नकोस. ग्रोमॅक्सच्या लॉगच्या तळाशी जा. तिथे "परफॉर्मन्स" म्हणून एक ओळ असते: दिवसाला किती नॅनोसेकंद. तुझ्या कामाचा आकडा तोच. त्याच्या वरती, कामाच्या असमान वाटपामुळे किती टक्के वेळ वाट पाहण्यात गेला, तेही छापलेलं असतं. तिथली टक्केवारी मोठी दिसली तर १२८ कोअर कशात गेले ते समजेल.

आता कामाला लाग. एक दुपार काढ. तुझी एकच इनपुट फाइल घे आणि तोच रन ८, १६, ३२, ६४ कोअरवर दहा-दहा मिनिटं चालव, सगळे एकाच नोडच्या आत, आणि मग एकदा १२८ वर. या चाचणीपुरता नोड एक्सक्लुझिव्ह, म्हणजे पूर्ण तुझ्यापुरता, मागितलास तर कुणी तक्रार करायचं कारण नाही, कारण शेजारी दुसऱ्याचा जॉब असेल तर आकडे खोटे येतात. सुरुवातीची काही हजार पावलं ग्रोमॅक्स स्वतःचं वाटप जुळवत असतो, म्हणून घड्याळ अर्ध्यावर पुन्हा शून्यापासून सुरू करायचा पर्याय द्यायला विसरू नकोस. पाच आकडे एका कागदावर लिही. कोअर दुप्पट केल्यावर वेग दीडपटही वाढत नसेल तर आधीच्या आकड्यावर थांबायचं, हा माझा ठोकताळा. कुणी याहून कडक असतात, कुणी सैल. पण ६४ वरून १२८ वर जाताना तुझा वेग वाढण्याऐवजी घटला तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

जोडणी झकास असती तरी गणित सुटत नाहीच. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब आहे: कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तो शेवटी सगळ्यांना अडवतो. समज, तुझ्या रनमधला पाच टक्के भाग असा आहे. मग १६ कोअरवर काम नऊपट वेगानं होतं, ३२ वर साडेबारापट, ६४ वर सुमारे साडेपंधरापट आणि १२८ वर फक्त साडेसतरापटीपर्यंत. कोअर अनंत दिलेस तरी वीसपटीच्या पुढे जाणार नाहीस. आणि या हिशेबात निरोपांचा वेळ धरलेलाच नाही.

हेच आकडे आता तुझ्या बारा रनच्या बाजूनं बघ, कारण तुझ्या पोस्टरचं उत्तर इथेच आहे. तुझे बारा रन एकमेकांवर अवलंबून नाहीत. १२८ कोअर एकाच रनला दिलेस तर साडेसतरापट काम होतं. तेच १२८ कोअर चार रनना ३२-३२ असे वाटलेस तर चार गुणिले साडेबारा, म्हणजे पन्नासपट. यंत्र तेच, वीज तीच, आणि काम जवळजवळ तिप्पट! पाच टक्के हा मी कागदावर धरलेला आकडा आहे. तुझा खरा आकडा चाचणीतून येईल आणि इथरनेटमुळे फरक याहून मोठा निघण्याचीच शक्यता जास्त. एकेक रन आधीपेक्षा उशिरा संपेल का? जोडणी चांगली असती तर नक्की उशिरा संपला असता, तुझ्याकडे कदाचित तेही होणार नाही. पण तुला बारावा रन कधी संपतो याच्याशी कर्तव्य आहे. पहिला कधी संपला हे पोस्टरवर कुणी विचारत नाही. एकच लांबलचक ट्रॅजेक्टरी (अणूंच्या हालचालीची सलग नोंद) हवी असती तर गोष्ट वेगळी होती, तिचे तुकडे करून समांतर चालवता येत नाहीत. तुझं तसं नाही.

बारा रन सोडायला बारा स्क्रिप्ट लिहू नकोस. स्लर्मच्या जॉब अॅरेमध्ये (एकाच स्क्रिप्टमधून अनेक जॉब सोडायची सोय) "१-१२" लिही आणि पुढे टक्क्याचं चिन्ह देऊन ४. एका वेळी चारच चालतील, एक संपला की पुढचा आपोआप सुटेल. या एका चिन्हानं तू स्वतःला लगाम घालतेस, आणि रांग बघणाऱ्या कुणालाही तो लगाम दिसतो. पुढे त्या दादाशी बोलताना हा उपयोगी पडेल.

एका नोडवर दोन रन ठेवताना मात्र एक खड्डा आहे. स्लर्मकडे ३२ कोअर मागितले म्हणजे प्रोग्रॅम ३२ च वापरेल असं नाही. ग्रोमॅक्सला काही न सांगता सोडलं तर त्याला दिसतील तेवढे सगळे कोअर तो घ्यायला बघतो. अॅडमिननं सी-ग्रुपचं कुंपण घातलेलं असेल तर तो तुला मिळालेल्या कोअरांतच राहतो. कुंपण नसेल तर थेट शेजाऱ्याच्या जॉबवर जाऊन बसतो, आणि "वडिलोपार्जित" मेलचा जन्म बहुधा अशाच ठिकाणी होतो. म्हणून किती रँक (स्वतंत्र प्रोसेस) आणि प्रत्येक रँकचे किती थ्रेड (तिच्या आत समांतर चालणारे धागे) हे दोन्ही स्पष्ट लिही: ८ रँक गुणिले ४ थ्रेड, किंवा १६ गुणिले २. गुणाकार ३२ यायला हवा आणि स्लर्मच्या एनटास्क्स व सीपीयूज-पर-टास्क या ओळींशी जुळायला हवा. यातही बारीक मेख आहे: स्लर्मच्या २२.०५ आवृत्तीपासून एसबॅचला (जॉब रांगेत लावणारी कमांड) दिलेला सीपीयूज-पर-टास्कचा आकडा एसरनकडे (जॉबच्या आत प्रोग्रॅम सुरू करणारी कमांड) आपोआप जात नाही, तिथे तो पुन्हा द्यावा लागतो. जुनी स्क्रिप्ट सीनियरकडून सीनियरकडे वारशानं आलेली असेल (आणि पुण्यातल्या कुठल्या लॅबमध्ये ती तशी आलेली नसते?), तर हे नक्की तपास.

दुसरा प्रकार पिनिंगचा. थ्रेड कोअरला बांधून ठेवले की वेग सुधारतो, म्हणून बरेच जण पिन ऑन करून मोकळे होतात. कुंपण नसलेल्या नोडवर असे दोन रन आले तर दोघंही शून्य नंबरच्या कोअरपासून बांधायला सुरुवात करतात. पहिल्या ३२ कोअरवर दोघांची झुंबड आणि उरलेले ३२ रिकामे. एच-टॉपमध्ये अर्ध्या पट्ट्या भरलेल्या आणि अर्ध्या कोऱ्या दिसल्या तर हेच झालंय असं समज. दुसऱ्या रनला पिन ऑफसेट ३२ दे, नाहीतर अॅडमिनला सी-ग्रुप सुरू करायला सांग. दुसरा उपाय सगळ्यांच्याच भल्याचा. आणि जाता जाता एल-एस-सीपीयू चालवून बघ, एका कोअरमागे थ्रेड एक आहे की दोन. दोन असेल तर तुझे ६४ कोअर प्रत्यक्षात ३२ आहेत आणि वरच्या सगळ्या हिशेबात ३२ च्या जागी १६ येईल.

वेळेचं बोलू. तू किती तास मागतेस ते पत्रात नाही, पण बहुतेकांसारखे क्यूच्या कमाल मर्यादेइतके मागत असशील. स्लर्म बॅकफिल करतो. डॉक्टरांच्या दवाखान्यात "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणणारा मधल्या फटीत आत जाऊन येतो ना, तसं. फरक एवढाच की इथे आधीच्या नंबरला खरोखरच उशीर होणार नाही याची खात्री करूनच त्याला आत सोडतात. मोठा जॉब नोड मोकळे व्हायची वाट बघत असतो, तेवढ्या काळात जो संपेल असा छोटा जॉब पुढे सरकतो. पण तो छोटा आहे हे स्लर्मला तू लिहिलेल्या वेळेवरूनच कळतं. ३२ कोअर आणि बारा तास मागणारा जॉब जिथे सुटेल, तिथे १२८ कोअर आणि सात दिवस मागणारा ताटकळत राहील.

मग बारा तासांत रन पुरा कसा होणार? होऊ नको दे. मॅक्स-एचचा पर्याय दिलास की ग्रोमॅक्स वेळ संपायच्या जरा आधी चेकपॉइंट (तिथवरच्या कामाची नोंद) लिहून स्वतःच थांबतो, पुढचा जॉब तिथूनच उचलतो. एरवीही तो दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट लिहितच असतो. पुण्यात याचा दुहेरी फायदा: गुरुवारी महावितरणनं देखभालीसाठी वीज घेतली आणि विभागाच्या यूपीएसच्या बॅटऱ्यांनी मान टाकली तरी फार तर पंधरा मिनिटांचं काम जाईल.

आता लॉगिन नोड. इथे मी तुझी बाजू घेणार नाही. "छोटंसं" विश्लेषण बहुधा छोटं नाहीच. पायथनच्या मल्टिप्रोसेसिंग पूलला आकडा दिला नाही तर तो यंत्रावरचे सगळे कोअर मोजतो आणि तेवढ्या प्रोसेस उघडतो. अगदी नव्या आवृत्त्यांत हे थोडं सुधारलंय, पण क्लस्टरवर अगदी नवी आवृत्ती कोण ठेवतं? त्यातल्या प्रत्येक प्रोसेसमध्ये नमपाय हे पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज, आणि नमपायच्या पोटातली गणिताची लायब्ररी पुन्हा आपले थ्रेड उघडते, तेही यंत्रावर असतील तेवढे. ६४ गुणिले ६४: चार हजार शहाण्णव! तेवढ्या वेळात बाकी कुणी फायलींची यादी मागितली तर कर्सर नुसता लुकलुकत राहतो. लॉगिन नोड फायली नीट लावायला आणि जॉब सोडायला असतो. विश्लेषणही जॉब म्हणूनच सोड: ४ कोअर, एक तास, ओएमपी-नम-थ्रेड्स (किती थ्रेड उघडायचे ते सांगणारा आकडा) एकवर ठेव आणि पूलला चार आकडा दे. लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या संदेशात अॅडमिननं "येथे जॉब चालवू नयेत, चालवल्यास मारले जातील (जॉब)" अशी पाटी लावली तर हरकत नाही, पण तशी वेळ येऊ देऊ नकोस.

त्या दादाबद्दल. त्याच्या मेलची भाषा वाईट होती. नाव न घेता सगळ्यांसमोर टोमणा मारणं ही आपल्याकडची जुनी कला आहे आणि ती कुणालाच शोभत नाही. तरी त्याची तक्रार खरी असू शकते. ओपनफोमचं काम प्रोसेसरपेक्षा मेमरीतून डेटा किती वेगानं येतो यावर जास्त अडतं. त्यामुळे त्याच्या नोडवर दुसऱ्याचा जड जॉब आला, कोअर अगदी वेगवेगळे असले तरी, त्याचा वेग घसरतो. त्याला कारण कळत नसेल, फक्त तुझं युजरनेम दिसत असेल.

मेलला मेलनं उत्तर देऊ नकोस, "रिप्लाय ऑल" तर मुळीच नाही. चाचणीचा कागद घे आणि कॅन्टीनमध्ये चहाला गाठ. सांग: "दादा, मी चाचणी केली. एकाच रनला दोन नोड देऊन माझाच तोटा होत होता. यापुढे चार रन, ३२-३२ कोअरचे, एकूण दोनच नोड वापरीन. लॉगिन नोडवरची स्क्रिप्टही हलवली. तुमचा जॉब शक्यतो पूर्ण नोडवर असतो का? मग माझे रन त्याच्या शेजारी पडणार नाहीत असं बघू." माफी मागायची तर लॉगिन नोडची माग, १२८ कोअरची नको, नियमात बसत होते म्हणूनच स्लर्मनं ते दिले. आणि त्याला विचार, तो किती सेल (प्रवाहाच्या जागेचे छोटे कप्पे) किती कोअरांत वाटतो. कोअरमागे काही दहा हजार सेल असावेत असा ओपनफोमवाल्यांचा अंदाज असतो. हे त्यानं कधी मोजलं नसेल तर त्याचंही तुझ्यासारखंच होत असेल. हसत विचार मात्र.

सरांना वेगळ्या भाषेत सांगावं लागेल. "रिकामं दिसलं की घे" हे अगदीच चूक नाही. गणपतीच्या सुट्टीत किंवा दिवाळीत विभाग ओस पडलेला असताना नोड रिकामे ठेवण्यात कसला आलाय मोठेपणा? तेव्हा अॅरेचा आकडा ४ वरून ८ कर आणि जॉबला नाइसचा पर्याय दे, म्हणजे कुणी आलंच तर नवे जॉब सोडताना त्याचा नंबर तुझ्या आधी लागेल. पण सरांना हेही दाखव की फेअरशेअर (आधी जास्त वापरलं त्याला रांगेत मागे ठेवायचा नियम) चालू असेल तर स्लर्म वापरलेले कोअर मोजत नाही, अडवलेले मोजतो. नुसते वाट बघत बसलेले कोअरही तुमच्या ग्रुपच्या खात्यावर पडतात आणि पुढचे बरेच दिवस तुम्हाला रांगेत मागे ढकलतात. आधीच्या वापराचा हा भार हळूहळू ओसरतो. अॅडमिननं बदललं नसेल तर आठवड्यात निम्मा. म्हणजे नोव्हेंबरात घाईनं अडवलेले दोन नोड महिनाअखेर, ऐन गरजेच्या वेळी, आडवे येऊ शकतात. सरांना "दिवसाला एकूण किती नॅनोसेकंद" हा आकडा दोन्ही पद्धतींनी काढून दाखव, वाद घालावा लागणार नाही.

विभागात जीपीयू (मुळात ग्राफिक्सचा, पण अशा गणितातही वेगवान प्रोसेसर) असलेला एखादा नोड धूळ खात पडलाय का तेही बघ. तुझ्या आकाराच्या सिस्टीमला एक बरं जीपीयू कार्ड आणि थोडे कोअर मिळाले तर या सगळ्या हिशेबाची गरजही पडणार नाही.

आणि पुढे कधी खरोखर शेकडो कोअर लागलेच, तर पुण्यात राहून हातपाय गाळायचं कारण नाही. १९९१ मध्ये सी-डॅक या सरकारी संस्थेनं परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर इथेच उभा केला. तुझ्या पाषाणात आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेकडे २०१८ मध्ये प्रत्यूष हा सुपरकॉम्प्युटर आला, पण तो हवामानाच्या कामाला जुंपलेला. पलीकडेच आयसर या विज्ञान संस्थेत राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली परम ब्रह्म बसवला गेला. अशा यंत्रांवर वेळ मागायचा तर अर्जासोबत बहुतेक ठिकाणी स्केलिंगचा आलेख मागतात, म्हणजे तू त्या दुपारी केलेल्या चाचणीचाच. पाच आकड्यांचा तो कागद फाइलला लावून ठेव.

एक किरकोळ राहिलं. रांगेची यादी सगळे बघतात आणि तिथे जॉबचं नाव दिसतं. "टेस्ट२_फायनल_नवीन" असं काही असेल तर बदल. म्युटंटचं नाव आणि रनचा क्रमांक लिही. उद्या अॅडमिनला एखादा जॉब थांबवायची वेळ आली तर निदान विचारून थांबवेल.

— ताई